चूळ, चहा आणि अर्धं केळं

पहाटेचे सव्वाचार. दादरच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ओट्यावरचा तेवढा दिवा लागतो. घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून सांडशीचा आवाज न करता छोट्या पातेल्यात अर्धा कप चहा उकळतो. बूट दाराशी काढून ठेवलेत, हातातलं घड्याळ रात्रभर चार्ज झालंय. प्रश्न एवढाच उरतो की टोपलीतलं केळं खायचं की नाही. खाल्लं तर शिवाजी पार्कच्या दुसऱ्या फेरीत ढेकर येणार, नाही खाल्लं तर वरळीला पोचेपर्यंत पाय गळणार. शेवटी तडजोड होते. अर्धं केळं पोटात, अर्धं सालीसकट ओट्यावर. साडेसातला घरी यावं तर त्याला मुंग्या लागलेल्या असतात, आणि त्यावरून बोलणीही खावी लागतात.

साधारण त्याच वेळी बीड, सातारा किंवा लातूरकडच्या एखाद्या गावाबाहेर, डांबरी सडकेच्या कडेने पाच-सात पोरं आणि दोन-तीन पोरी पळत असतात. अंगावर साधा टी-शर्ट, पायात घासलेले बूट, डोळ्यांसमोर पोलीस भरती. यांच्या खिशात मूठभर भिजवलेले हरभरे असतात. कुणी घरून दुधात कच्चं अंडं फोडून, नाक दाबून पिऊन आलेलं असतं. कुणी काहीच न खाता आलेलं असतं, कारण एवढ्या पहाटे चूल पेटलेली नसते.

महाराष्ट्रात पहाटे पळणाऱ्यांच्या या दोन जाती. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि शहरात पळण्याची हौस पसरली. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून उतरायची हिल हाफ मॅरेथॉन आली, आणि आता तालुक्याच्या गावीही एखादी ‘टेन के’ होते. भरतीचं पळणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. दोघांचे बूट वेगळे, हेतू वेगळे, पण पहाटेचा प्रश्न एकच. आणि सल्ले देणारेही दोघांकडे सारखेच. ग्रुपवरचा एक म्हणतो, काही खाऊ नकोस, अनशापोटी पळलं की चरबी जळते. दुसरा म्हणतो, पोटात काही नसताना घराबाहेर पाऊल टाकू नकोस. घरातली आजी म्हणते, अनशापोटी पळशील तर पित्त होईल. गंमत अशी की तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. फक्त कुणीच आधी विचारत नाही की पळायचंय किती, आणि काल रात्री जेवलास काय.

रात्री काय खाल्लं हे विचारायचं कारण शरीराच्या साठवणीत आहे. भात, भाकरी, पोळी, बटाटा, साखर यांतून मिळणारी साखर शरीर ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवतं. ही साठवण दोन ठिकाणी होते. यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये मिळून ३०० ते ५०० ग्रॅम. यकृतातला साठा म्हणजे स्वयंपाकघरातला डबा, घरातल्या कुणीही उघडावा असा. यकृत त्यातली साखर रक्तात सोडतं आणि ती मेंदूपासून मूत्रपिंडापर्यंत सगळ्यांना मिळते. स्नायूंचं मात्र तसं नाही. एकदा मांडीच्या स्नायूत गेलेलं ग्लायकोजेन साखर होऊन पुन्हा रक्तात येऊ शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम स्नायूंकडे नसतंच. ज्याच्या कपाटात पडलं, त्यानेच वापरायचं.

रात्री आपण झोपतो, मेंदू झोपत नाही. तासाला पाच-सहा ग्रॅम साखर तो घेतच राहतो, आणि ती येते यकृतातल्या डब्यातून. रात्री नऊला जेवलेला माणूस पहाटे पाचला उठतो तेव्हा तो डबा बराच खाली गेलेला असतो. पण पायांच्या स्नायूंतला साठा जवळजवळ तसाच असतो, कारण रात्रभर पाय कुठे गेलेलेच नसतात. पहाटेच्या अनशापोटी पळण्याचं सगळं कोडं या एका गोष्टीत आहे. पाय भरलेले, डबा अर्धा रिकामा. म्हणूनच पहिल्या दोन किलोमीटरमध्ये कुणाकुणाचं डोकं हलकं होतं, किंचित गरगरतं, आणि तरी पाय चाललेले असतात.

आता थोडा हिशेब. सपाट रस्त्यावर पळताना माणूस किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला साधारण एक कॅलरी खर्च करतो. साठ किलोचा माणूस पाच किलोमीटर पळला तर तीनशेच्या आसपास. स्नायूंत चारशे ग्रॅम ग्लायकोजेन धरलं तर ते झाले सोळाशे कॅलरी, शिवाय जोडीला चरबी जळत असतेच. म्हणजे पाच किलोमीटरच काय, तासाभराच्या कुठल्याही आरामाच्या पळण्यासाठी निरोगी माणसाला पहाटे काहीही खाण्याची गरज नाही. भरतीच्या चाचणीत पळाव्या लागणाऱ्या सोळाशे मीटरचा हिशेब तर आणखी सोपा. साठ किलोच्या पोराचा खर्च शंभर कॅलरीच्या आत, काम पाच-सहा मिनिटांचं. खिशातले हरभरे त्या पाच मिनिटांत त्याच्या पायांपर्यंत पोचणार नाहीत. ते पोटातच डचमळत राहतील.

बाहेरची साखर खरोखर कामी कधी येते, हे कळायला माणसांना पडून पाहावं लागलं. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉन संपल्यावर सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं. जे पांढरेफटक पडले होते, ज्यांना धड बोलता येत नव्हतं, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली निघाली. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत काही धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खायला लावले आणि शर्यतीत मध्येच गोळ्या चघळायला दिल्या. साध्या साखरेच्या गोळ्या. त्यांची अवस्था बरीच बरी राहिली. आज शंभर-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या धावपटूंच्या गोड जेलच्या चकचकीत पाकिटाचे पूर्वज ते हेच.

खरी उकल झाली चाळीस वर्षांनी, स्वीडनमध्ये. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी प्रयोग करायचा ठरवला आणि प्रयोगासाठी माणसं म्हणून स्वतःलाच निवडलं. एकाच सायकलच्या दोन्ही बाजूंना दोघे बसले. दोघांनीही फक्त एकेक पाय वापरायचा, दुसरा नुसता लोंबता. तो पाय पार थकेपर्यंत पॅडल मारलं. मग दोन्ही मांड्यांत जाड सुई घालून स्नायूचे कण काढले. पुढचे तीन दिवस भरपूर पिष्टमय खायचं आणि रोज सुई टोचून घ्यायची. निकाल असा आला की थकलेल्या पायात ग्लायकोजेन परत तर भरलंच, शिवाय ते न वापरलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झालं. खाणं दोन्ही पायांना तेच मिळालं होतं. ज्या पायाने काम केलं त्याने जास्त साठवलं. १९६६ साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी आलेल्या अभ्यासात तीन प्रकारची जेवणं देऊन माणसांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावलं. पिष्टमय पदार्थ जवळपास बंद केले तेव्हा ते तासाभरात गळले. नेहमीच्या जेवणावर दोन तासांच्या जरा आत. भरपूर पिष्टमय जेवणावर जवळपास पावणेतीन तास.

म्हणजे पहाटेच्या पळण्याची न्याहारी खरं तर आदल्या रात्रीच्या ताटात असते. भात-वरण, ज्वारीची भाकरी, उकडलेला बटाटा, घडीची पोळी, जे असेल ते. नुसतं सॅलड आणि सूप पिऊन झोपलेल्या माणसाने पहाटे एक केळं खाऊन भरपाई होईल अशी आशा धरू नये. मुंबईतली खरी अडचण वेगळीच आहे. लोकल पकडून घरी पोचायला नऊ, जेवायला दहा, झोपायला अकरा आणि गजर चारचा. अशा माणसाचं पोट पहाटेपर्यंत पुरतं मोकळंही झालेलं नसतं. त्याने ओट्यावरचं केळं निर्धास्त तसंच ठेवावं, मुंग्या लागायच्या आत मुलाच्या डब्यात जाईल.

ग्लायकोजेनची आणखी एक खोड आहे. एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणून मोठ्या शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांत नीट जेवलेल्या माणसाचा वजनाचा काटा किलो-दीड किलो वर सरकतो. दर वर्षी कितीतरी लोक ते पाहून घाबरतात आणि शेवटच्या रात्री जेवण कमी करतात. सगळ्या तयारीवर पाणी, तेही शब्दशः.

आता तो चरबी जळण्याचा मुद्दा. अनशापोटी हळू पळताना शरीर चरबी जास्त प्रमाणात वापरतं, हे खरं. पण त्यामुळे पोट कमी होतं का, हे वेगळं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस तरुणींना चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर व्यायाम करायला लावला. निम्म्या अनशापोटी, निम्म्या आधी खाऊन. दोन्ही गटांना दिवसभराचं जेवण सारखंच बेताचं. महिन्याच्या शेवटी दोन्ही गटांचं वजन आणि चरबी उतरली, पण दोन्हींत फरक म्हणावा असा काही नव्हता. सकाळी जी चरबी जास्त जळते तिचा हिशेब शरीर दिवसभरात पुरा करून टाकतं. अनशापोटी पळून आल्यावर दोन वडापाव जास्त जाणाऱ्यांना तर हे प्रयोगाविनाही माहीत असेल.

याच चर्चेत कुणीतरी केनियाचं नाव घेतं. तिथले जगज्जेते सकाळी सहाला उठून काही न खाता पळतात, मग आपल्यालाच केळं कशाला? पहिला भाग बरोबर आहे. पण २००४ साली तिथल्या दहा अव्वल धावपटूंचं आठवडाभराचं खाणं मोजलं गेलं, तेव्हा त्यांच्या कॅलरींपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त पिष्टमय पदार्थांतून येत होत्या. जवळजवळ पाव हिस्सा उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आणि सुमारे पाचवा हिस्सा साधी साखर, बरीचशी दुधाच्या चहातून. रात्री अशी उकड खाऊन झोपलेला माणूस पहाटे काही न खाता पळाला तरी तो रिकामा नसतो. शिवाय परत आल्या आल्या त्याच्यासाठी गोड चहा आणि न्याहारी तयार असते. आपण त्यांचं उपाशी पळणं तेवढं उचललं, उगाली तिकडेच राहिली.

मग तासाभराच्या पळण्यासाठी चहा आणि अर्धं केळं हा निव्वळ मनाचा खेळ का? अगदी तसं नाही. इथे एक मजेदार प्रयोग आठवावा लागतो. २००४ साली इंग्लंडमध्ये सायकलपटूंना तासाभराची शर्यत लावली आणि मध्ये मध्ये पिष्टमय पाण्याची चूळ भरायला दिली. गिळायचं नाही, खळखळून थुंकायचं. त्या पाण्याला गोड चवही नव्हती. तरी नुसत्या पाण्याची चूळ भरलेल्या वेळेपेक्षा ते सुमारे तीन टक्के लवकर पोचले. पोटात एक कणही गेला नव्हता. तोंडातल्या संवेदनांनी मेंदूला नुसती वर्दी दिली की माल येतोय, आणि मेंदूने हात सैल सोडला. पहाटेचा गोड चहाचा घोट किंवा जिभेवर ठेवलेला गुळाचा खडा हे काम सहज करतो. आजोबा शेतावर जाताना गुळाचा खडा तोंडात टाकून वर पाणी पीत, ते काही मूर्ख नव्हते.

चहाचं दुसरंही एक काम आहे, आणि ते चारचौघांत कुणी बोलत नाही. पोटात काही गरम गेलं की मोठं आतडं हलायला लागतं. चहा-कॉफीने ते अधिकच. बहुतेक अनुभवी धावपटू पहाटे चहा ताकदीसाठी पीत नाहीत, पोट साफ व्हावं म्हणून पितात. तशीही अर्ध्या कपात ताकद ती किती! कॅफिनचा पळण्यावर स्पष्ट परिणाम दिसायला वजनाच्या दर किलोला निदान तीन मिलिग्रॅम लागतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. कपभर चहात ते असतं तीस ते पन्नास. पण मरीन ड्राइव्हवर पहाटे सव्वापाचला, सार्वजनिक शौचालय कुठे उघडं असेल याचा विचार करत पळणं काय असतं हे ज्याने भोगलंय, त्याला त्या अर्ध्या कपाची किंमत विचारावी.

जोरात पळताना पायांना रक्त लागतं आणि ते काढून घेतलं जातं आतड्यांकडून. फार जोर लावला तर आतड्यांचा रक्तपुरवठा एरवीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकतो. अशा वेळी पोटात जे असेल ते तिथेच पडून राहतं, हिंदकळतं, कळा देतं. जठरातून लवकर पुढे सरकतं पाणी, मग पातळ गोड, मग मऊ पिष्टमय. चरबी, तंतू आणि प्रथिनं रेंगाळतात. एवढं एक सूत्र घेऊन मराठी स्वयंपाकघराकडे पाहिलं की बरंच काही आपोआप कळतं.

शेंगदाण्याचा लाडू एरवी उत्तम. पण शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल, म्हणून पळण्यापूर्वी नको, पळून आल्यावर दोन खा. थालीपीठ तेच, वर लोण्याचा गोळा असेल तर विचारूच नका. भिजवलेल्या हरभऱ्यात अशा काही शर्करा असतात ज्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांवर ताव मारतात आणि गॅस होतो. ग्लासभर दूध अनेकांना मोठेपणी नीट पचत नाही, आणि पळताना तर नाहीच. कच्च्या अंड्याबद्दल तर भरती करणाऱ्या प्रत्येक पोराला कुणीतरी सांगायला हवं. १९९८ साली बेल्जियममधल्या अभ्यासात दिसलं की शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्के प्रथिनं शरीरात शोषली जातात, कच्च्यातली जेमतेम पन्नास. वर जंतुसंसर्गाची भीती. नाक दाबून गिळलेलं निम्मं अंडं वायाच जातं. उकडून, मीठ-मिरी लावून, पळून आल्यावर खाल्लं तर चवही लागेल.

पळायच्या आधी चालतील अशा गोष्टी त्या मानाने साध्या आहेत. मध्यम केळ्यात वीस-बावीस ग्रॅम पिष्टमय ऐवज, छोट्या वेलची केळ्यात त्याच्या निम्मा. बिनबियांचे तीन-चार खजूर. राजगिऱ्याचा लाडू, जो खरं तर हवेने भरलेला गूळच. चार पार्ले-जी चहात बुडवून, पंधरा-सोळा ग्रॅम. पावाच्या दोन कापांना जॅम. ज्यांना सकाळी काहीच गिळवत नाही त्यांनी पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ विरघळवून घ्यावं, लिंबू पिळलं तर सरबत झालंच. दीड तासाहून जास्त पळायचं असेल, म्हणजे रविवारच्या लाँग रनला, तेव्हा निघायच्या आधी पंचवीस-तीस ग्रॅम पिष्टमय ऐवज आणि मग वाटेत दर तासाला तीस ते साठ ग्रॅम, हे जगभर मानलं जाणारं माप आहे. ज्यांना निघण्यापूर्वी दोन-तीन तास मिळतात ते पोहे-उपमा व्यवस्थित खाऊ शकतात. पण पाचला पळायचं म्हणून दोनला उठून पोहे करणाऱ्या माणसाने पळण्यापेक्षा झोपेचाच विचार करावा.

वेळेचा एक चकवाही माहीत असलेला बरा. गोड खाऊन पाऊण तासाने पळायला सुरुवात केली की काहींना पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत हातपाय थरथरल्यासारखं होतं, घाम फुटतो. साखरेमागे इन्शुलिन धावत येतं, त्याच वेळी स्नायूही साखर ओढायला लागतात आणि रक्तातली पातळी एकदम घसरते. १९७९ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात पाऊण तास आधी ग्लुकोज प्यालेले सायकलपटू लवकर गळले, आणि त्यावरून पळण्याआधी गोड खाणं वर्षानुवर्षं वर्ज्य ठरलं. नंतरच्या अनेक प्रयोगांत बहुतेकांना काही त्रास झाला नाही. थोड्यांनाच होतो. ज्यांना होतो त्यांनी केळं लिफ्टमध्ये खावं, म्हणजे अगदी निघता निघता. एकदा पळायला लागलं की इन्शुलिनचा जोर ओसरतो.

मधुमेह असेल आणि इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर यातला कुठलाही सल्ला तसाच लागू होत नाही. पळायच्या आधी बोट टोचून साखर पाहायची, खिशात साखरेची पुडी ठेवायची, आणि अनशापोटी पळायचं की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

रविवारी लाँग रन आणि त्याच दिवशी एकादशी, हा तिढा महाराष्ट्राबाहेर फारसा कुणाला पडत नसेल. उपास म्हटल्यावर पहिलं नाव साबुदाण्याच्या खिचडीचं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, धावपटूला हवं तेच. पण आपण त्यात दाण्याचं कूट आणि तूप इतकं घालतो की साबुदाणा नुसता निमित्ताला उरतो. ती खिचडी खाऊन पळायला गेलेला माणूस यवतेश्वरच्या पहिल्या वळणावर पांडुरंगाचा धावा करतो. त्याऐवजी उकडलेलं रताळं, केळं, खजूर, राजगिरा. उपासाची टोपली नीट पाहिली तर लांब पळणाऱ्यासाठीच भरल्यासारखी वाटते. पंचाईत निर्जळी करणाऱ्यांची. त्यांनी त्या दिवशी बूट घालूच नयेत.

सोळाशे मीटरला खाण्याची गरज नाही असं वर म्हटलं, पण ते गावाबाहेरच्या सडकेवरच्या सरावाबद्दल. भरतीच्या ‘ग्राउंड’चा दिवस निराळा असतो. पोरं आदल्या दिवशी एसटीने किंवा रेल्वेच्या जनरल डब्यातून शहरात येतात. रात्र स्टेशनवर, पुलाखाली, मैदानाबाहेरच्या फुटपाथवर काढतात. जेवण म्हणजे वडापाव, तोही खर्च वाचवत. पहाटे रांग लागते. कागदपत्रं, उंची, छाती, आणि मग नंबर कधी येईल त्याचा नेम नाही. पाचला रांगेत उभा राहिलेला पोरगा नऊ-दहाला पळतो, तोवर ऊन चढलेलं असतं आणि शेवटचं जेवण होऊन बारा-चौदा तास उलटलेले असतात. त्यात पळून झालं की संपत नाही. शंभर मीटर आणि गोळाफेक बाकी असते.

२०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावण्यात काही उमेदवारांचा जीव गेला. तरणीताठी, सरावलेली पोरं. त्यानंतर अंतर टप्प्याटप्प्याने कमी होत गेलं, आणि आता पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर पळावं लागतं. जूनच्या दमट मुंबईत, न झोपलेल्या, पुरेसं पाणी न प्यालेल्या शरीराला ऊन लवकर गाठतं. तिथे प्रश्न केळं किती ग्रॅमचं याचा नसतो. रांगेत दोन-तीन तास आधी खाता येतील अशा दोन केळ्यांचा आणि मीठ-साखर घातलेल्या पाण्याच्या बाटलीचा असतो. घोटभर घोटभर, एकदम लिटरभर नाही. मध्यमवर्गीय धावपटूच्या कमरपट्ट्याला अडकवलेल्या चार जेलइतकीच ही पिशवी महत्त्वाची, आणि तिचा खर्च वीस-पंचवीस रुपये. भरतीची तयारी करून घेणाऱ्या काही अकॅडम्यांचे सर आता ग्राउंडच्या यादीत हॉल तिकीट आणि फोटोंच्या जोडीने हेही लिहून देतात. सगळ्यांनी द्यायला हरकत नाही.

शहरी धावपटूंचा असा दिवस जानेवारीत येतो. गेल्या काही वर्षांत मुंबईची फुल मॅरेथॉन पहाटे पाचला सीएसएमटीहून सुटते. म्हणजे विरार किंवा बदलापूरच्या माणसाला दोनला उठणं आलं. ४२ किलोमीटरचा खर्च साठ किलोच्या माणसाला अडीच हजार कॅलरी, आणि सोळाशेचा साठा तेवढ्याला पुरत नाही. तीस किलोमीटरनंतर जी ‘भिंत’ लागते ती हीच. इथे मात्र अनशापोटी जाणं शहाणपणाचं नाही. तीनला दोन पाव-जॅम किंवा केळं-खजूर, सुरुवातीच्या रेषेवर दोन घोट पाणी, आणि पुढे खिशातलं. जे खायचं ते आधीच्या सात-आठ रविवारी खाऊन पाहिलेलं हवं, कारण पोटालाही पळता पळता पचवण्याची सवय लागते, अगदी पायांसारखी. दर वर्षी काही जण शर्यतीआधीच्या एक्स्पोमध्ये फुकट मिळालेलं नवं जेल त्याच दिवशी पहिल्यांदा फोडतात आणि पुढचे दहा किलोमीटर पोट धरून काढतात.

परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो. पाय संपलेले, डोकं रिकामं. तिथे दुतर्फा माणसं उभी असतात. कुणाच्या ताटात संत्र्याच्या फोडी, कुणाकडे चिक्की, बिस्किटं, सोललेली केळी. एखादी लहान मुलगी दोन्ही हातांनी स्टीलची थाळी उंच धरून उभी असते. पळणारा न थांबता एक फोड उचलतो, तोंडात पिळतो आणि साल खिशात कोंबतो, कारण आता कचऱ्याचा डबा शोधायचीही ताकद राहिलेली नसते.

खिशातली ती चिकट साल संध्याकाळी कपडे धुवायला काढताना सापडते, आणि घरात पुन्हा बोलणी बसतात.